अम्माचा डाव

कार्तिकचा फोन आला तेव्हा मी पुरूच्या घरासमोरच्या बोळात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आत बायकांचं रडणं चढायचं, ओसरायचं. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कागदी कप दिला होता आणि त्यावर साय धरली होती.

"मीनल, काय बोलू कळत नाहीये मला," कार्तिक म्हणाला. "कसं झालं?"

"सकाळी नाश्ता करत होता. अम्माला म्हणाला, छातीत कसंतरी होतंय. दवाखान्यात नेईपर्यंत..." हे वाक्य मी दिवसभरात इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते आपोआप इथंच थांबायचं.

वाईट माणूस नव्हता कार्तिक. आमचा गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचं मुंबईतलं काम बघायचा. पुरूशी त्याचं आमच्यापेक्षाही जास्त जमायचं.

"गुरुवारचं काय करायचं?" शेवटी त्यानं विचारलं.

गुरुवारी आमच्या गेमची घोषणा होती. परदेशातला एक मोठा सोहळा, नवे गेम जगासमोर आणणारा, इंटरनेटवर थेट दाखवला जाणारा. त्यात सोलापुरातल्या आम्हा तिघांना काही मिनिटं मिळाली होती. चादरींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून चार वर्षं आम्ही 'धोटा' बनवत होतो. प्रोग्रामिंग माझं, आवाज आणि संगीत मुनीर बागवानचं, आणि चित्रं, गोष्ट, शिवाय लोकांशी बोलणं हे सगळं पुरूचं. पुरुषोत्तम गड्डम. हातमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा पुरूनं एका मुलीच्या हातात दिला होता. त्या मुलीचं नाव चिन्नी. तिचा सगळा मुलूख कापडाचा, आणि त्या मुलखाला कसर लागलेली. डोंगर कुरतडले जातायत, रस्ते विरतायत. चिन्नी धोटा फेकते, मागं धागा ताणला जातो आणि त्या धाग्यावरून ती पुढं जाते. गुरुवारी पुरू हे जगासमोर खेळून दाखवणार होता.

"तालमीचं रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडं?" कार्तिक हळू आवाजात म्हणाला. "पुरू खेळतोय, बोलतोय, हसतोय. तेच लावू. शेवटी काळ्या पडद्यावर त्याचा फोटो, खाली नाव. मीनल, मी कोडगेपणानं नाही म्हणत हे. लोकांच्या काळजाला हात घालेल ते. 'धोटा'चं नाव रातोरात सगळीकडं जाईल."

"आणि नाही लावलं तर?"

"तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. वरिष्ठांना मी थोपवून धरू शकेन असं वाटत नाही. उद्या दुपारपर्यंत सांग."

मुनीर बोळाच्या तोंडाशी, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसला होता. मी त्याला सांगितलं. तो उठून उभाच राहिला.

"त्याच्या मरणावर गेम विकायचा काय बे?" तो ओरडला. बोळातली दोन माणसं वळून बघायला लागली तसा त्याचा आवाज खाली आला. "आणि नाही म्हटलं तर चार वर्षं पाण्यात. त्याची पण." तो पुन्हा पायरीवर बसला. "मला विचारू नको. अम्माला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अम्मासमोर जाऊन बसले. अम्मा म्हणजे पुरूची आई, अंबूबाई. नवरा लवकर गेला, मग विड्या वळून तिनं एकट्या पोराला इंजिनिअर केलं. त्या घरात मी इतकी जेवले होते की आमटीत चिंच कमी पडली तरी ती घरच्या पोरीसारखं मलाच ओरडायची. आज ती भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्या समोर आहे हे तिला दिसत होतं की नाही, सांगता येत नव्हतं.

मी जमेल तेवढं साधं करून सांगितलं. गुरुवारचं काय, कंपनी काय म्हणते, रेकॉर्डिंग काय आहे.

ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमच्या त्या खेळानं खाल्लं त्याला. झोप नाही, जेवण नाही. रात्रंदिवस त्या पोरीला नाचवत बसायचा. आता मेल्यावर पण त्याला नाचवा."

शेजारच्या बाईनं तिचा हात धरला आणि मला डोळ्यांनीच ऊठ म्हणून खुणावलं.

बाहेर आल्यावर मी कार्तिकला फोन लावला. "नको," म्हटलं. "रेकॉर्डिंग लावायचं नाही. फोटो लावायचा नाही. काहीच नको."

"मीनल, शांतपणे विचार कर."

"केला. आमचा माणूस गेलाय, म्हणून घोषणा होणार नाही. लोकांना कळवायचं तर एवढंच कळवा."

त्यानं तेवढंच कळवलं. गुरुवारचा सोहळा आमच्यापैकी कुणीच बघितला नाही. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं, अगदी सभ्य भाषेतलं. आमच्या दुःखात ते सहभागी होते आणि आमच्याबरोबरचा करार थांबवत होते.

दिवसकार्य तर कधीच उरकलं होतं. मुनीर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला जायला लागला. मला पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं आणि मी हो म्हटलं. दोन खोल्यांत काय उरलं होतं! तीन टेबलं, तारांचं जंजाळ आणि भिंतीवर पुरूनं काढलेली चिन्नीची चित्रं. एका दुपारी खोल्या एकदा शेवटच्या बघून मालकाला किल्ली द्यावी, म्हणून मी तिकडं गेले.

जिना चढतानाच वरून मुनीरचा आवाज ऐकू आला. "अम्मा, आधी गोल बटण, मग सोडायचं."

"तू गप बस. कळलं मला."

मुनीरकडंही एक किल्ली होती, दार उघडंच होतं. पुरूच्या खुर्चीत अम्मा मांडी घालून बसली होती. चपला खाली, पदर कमरेला खोचलेला. पुरूचा डबा आणि स्वेटर न्यायला म्हणून ती आली होती, हे मुनीरनं मला नंतर सांगितलं. जाताजाता तिनं विचारलं होतं, पोरगं इथं दिवसभर करायचं तरी काय? मुनीरला सांगता येईना, म्हणून त्यानं संगणक चालू करून कंट्रोलर तिच्या हातात दिला होता.

पडद्यावर चिन्नी दरीत कोसळली.

"अय्यो!" अम्मा म्हणाली आणि तोंडातल्या तोंडात आपल्या घरच्या तेलुगूत एक सणसणीत शिवी दिली. "ही पोरगी लई आगाऊ आहे. थांब म्हटलं की थांबत नाही."

"तुम्ही बटण उशिरा सोडता, अम्मा," मी दारातूनच म्हणाले.

तिनं मान वळवली नाही. "मग असं लांब उभी राहून काय बघायलीस? हिकडं ये, दाखव."

मी दाखवलं. चिन्नी पुन्हा पडली. पुन्हा पडली. संध्याकाळ झाली तेव्हा अम्मानं पहिली दरी ओलांडली आणि टेबलावर असा हात मारला की पुरूच्या पेनांचा डबा खाली आला. डबा आणि स्वेटर घेऊन ती घरी गेली. मालकाची किल्ली माझ्या पर्समध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोज यायला लागली. सकाळी विड्या कारखान्यात पोचवल्या की सरळ आमच्याकडं. खेळताना ती कुणाशी बोलायची नाही, बोलायची ती चिन्नीशी. "सरक की बाई. उडी मार आता. मर, मर तिकडं." आयुष्यभर विड्या वळून तिच्या बोटांना जी चपळाई आली होती ती आता कंट्रोलरवर उतरली. आम्हाला स्वतःला अवघड जायच्या त्या विरलेल्या पुलावरून तिनं चिन्नीला एका दमात नेलं आणि आमच्याकडं असं बघितलं की मुनीरनं टाळ्याच वाजवल्या. मीही पुण्याला कळवायचं आज करू, उद्या करू म्हणत राहिले. कुठल्या तारखेला रुजू होणार, एवढंच ते विचारत होते.

आणि एके दिवशी ती शेवटाला पोचली. म्हणजे गेमच्या शेवटाला नव्हे, आमच्या कामाच्या. चिन्नी एका टेकाडावर उभी राहिली आणि पुढं नुसता राखाडी पडदा. रस्ता नाही, डोंगर नाही, आवाज नाही.

अम्मानं सगळी बटणं दाबून बघितली. "पुढं?"

"पुढं नाही, अम्मा," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"बनवलेलं नाही. पुरू तिथपर्यंतच आला होता. घोषणा झाली की शेवटची लेव्हल बनवायची असं ठरलं होतं."

तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मुनीरकडं.

"मग तुम्ही दोघं काय करायलाव?"

मुनीर खाली बघायला लागला. माझ्या तोंडून मात्र निघून गेलं, "अम्मा, तुम्हीच तर म्हणाला होता, या खेळानं त्याला..."

"म्हणाले." तिचा आवाज चढला. "पोरगं गेलं माझं. दुसरं कुणाला बोलू? देवाला बोलून झालं, डॉक्टरला बोलून झालं, मग तू दिसलीस. अजून राग आहे माझा, तो जाणार नाही." तिनं पडद्याकडं बोट केलं. "म्हणून काय हिला अशी टेकाडावर उभी ठेवायची? घर ना दार, पुढं वाट नाही. कशाची वाट बघायची हिनं?"

खाली दुकानात कुणीतरी चादर झटकून दाखवत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"मला पुढचं पाहिजे," अम्मा म्हणाली. चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

ते वर्ष कसं गेलं ते सांगायचं तर एवढंच सांगते, की आम्ही काम केलं. सकाळी मी एका कॉलेजात शिकवायचे, मुनीर लग्नसराईत गावोगाव वाजवून यायचा, आणि उरलेला सगळा वेळ त्या दोन खोल्यांत. पुरूची शेवटच्या लेव्हलची चित्रं होती, पण ती नुसतीच चित्रं. तुटलेल्या मागांचं एक गाव, आणि ते हळूहळू खाली कोसळतंय. त्याच्या डोक्यात तिथं काय घडणार होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. सुरुवातीला आम्ही तेच शोधत बसलो. पुरूनं काय केलं असतं, पुरूला काय आवडलं असतं. भांडलोसुद्धा त्यावरून. जे बनलं ते अम्माला खेळायला दिलं.

तिनं थोडं खेळून कंट्रोलर खाली ठेवला. "झोप यायली."

"पुरूच्या चित्राप्रमाणंच केलंय, अम्मा," मुनीर कळवळून म्हणाला.

"चित्र चांगलंय. खेळ चांगला नाही. तुम्हाला भ्या वाटायलं त्याचं." ती उठली. "तो काय वरून मार्क द्यायलाय?"

मग आम्ही ते सगळं मोडलं आणि नव्यानं बांधलं. यावेळी आमच्या मनानं. गाव कोसळत असताना चिन्नीनं मागामागून धोटा फेकत, पडणाऱ्या चौकटी एकमेकींना विणत जायचं. एक जरी चुकली तरी सगळं गाव दरीत. भयंकर अवघड होतं ते. अम्माला ते जमायला पंधरवडा लागला आणि त्या पंधरवड्यात तिनं आम्हा दोघांचा असा उद्धार केला की आम्हाला कळलं, आता बरोबर झालंय.

त्या सोहळ्यासाठी आम्ही पुन्हा अर्ज केला. यावेळी मागं कंपनी नव्हती. तुमचाच गेम का दाखवावा, या प्रश्नाचं उत्तर मुनीरनं लिहिलं. पुरूविषयी होतं. चांगलं होतं. मी ते पुसून टाकलं.

"का बे?" मुनीर चिडला. "खोटं आहे काय त्यात?"

"खोटं नाही. पण पुरू गेम बनवणारा आहे. गेममध्ये पहिलं नाव त्याचं येतं ते बनवणारा म्हणून. गेला म्हणून नव्हे."

आम्ही फक्त चिन्नीविषयी लिहिलं, आणि निवड झाली.

अट जुनीच होती. आपापल्या गावातून, थेट, कुणीतरी खेळून दाखवायचं. मी इंग्रजीत बोलणार, मुनीर आवाज सांभाळणार. खेळणार कोण? शेवटची लेव्हल माझ्या हातून दहातून एकदा व्हायची, मुनीरच्या हातून तेवढीही नाही.

"अम्मा," मुनीर म्हणाला.

"नाही." मी ताडकन म्हणाले. "लोक विचारणार, या कोण. मग सांगावं लागणार. गेल्या वर्षी ज्याला नाही म्हटलं तेच मागच्या दारानं आत येणार."

अम्मा कोपऱ्यात बसून खेळतच होती. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "खेळायचं कुणी ते ठरलंय. तुम्ही बोलायचं कुणी तेवढं ठरवा."

"अम्मा, ते विचारतील..."

"ते माझं मी बघते."

तिनं आणखी एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली. दोन खोल्यांत खेळणार नाही, बाया बघायला येणार आहेत. कुठल्या बाया? तर तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या सगळ्या. त्यासाठी शहराच्या पूर्व भागातलं एक मंगल कार्यालय ठरलं. ज्या स्टेजवर नवरा-नवरी बसायचे तिथं टेबल, संगणक, कॅमेरा आणि मागं मोठा पडदा. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा बाया तर आल्याच, त्यांची पोरं आली, जावई आले, खालचा चादरीवाला आला, आमच्या खोल्यांचा मालक आला. खुर्च्या संपल्यावर लोक सतरंजीवर बसले.

अम्मा अंजिरी साडी नेसून आली होती. खुर्चीत मांडी घालून बसली आणि कंट्रोलर उचलला. माझ्या कानात निवेदकाचा आवाज आला. तरुण, हसतमुख पोरगा होता, त्यानं "सोलापूर" हा शब्द अडखळत पण प्रेमानं उच्चारला. मी बोलायला लागले. चिन्नी पडद्यावर आली.

गाव कोसळायला लागलं. अम्मानं पहिला धोटा फेकला, दुसरा फेकला, तिसरी चौकट हातातून सुटली. सगळं दरीत. कार्यालयभर एकच "अरेरे" उठलं.

"होतं असं," मी इंग्रजीत हसून म्हणाले.

दुसरा डाव. यावेळी ती पुष्कळ पुढं गेली. शेवटच्या मागापर्यंत. तिथं धोटा धाग्यानिशी हवेतच राहिला आणि चिन्नी खाली गेली. कानात निवेदक म्हणाला की वेळ संपत आलीय, पुढच्या गेमकडं वळावं लागेल. मी अम्माकडं वाकले. "अम्मा, बास म्हणतायत."

"ओ, थांबा की!" अम्मा माइकमध्येच ओरडली.

ते जगभर गेलं. निवेदकाला शब्द कळले नसणार, पण अर्थ कळला. तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, थांबतो.

तिसऱ्या डावाला कार्यालयात पोरंसुद्धा गप्प झाली. अम्मा शिव्या देत नव्हती, ओठ घट्ट मिटलेले. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. गाव तिरपं झालं. चिन्नी पडणाऱ्या मागावरून उलटी धावली, जी वाट आम्हीही कधी धरली नव्हती, आणि अगदी कडेवरून धोटा भिरकावला. धागा ताणला गेला. थरथरला. टिकला. मग एकामागून एक सगळ्या चौकटी त्या धाग्याला येऊन लटकल्या, गाव वर उचललं गेलं, मुनीरच्या संगीतातली हलगी कडाडली आणि पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत उमटलं : धोटा.

त्यानंतर जो आवाज झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. खुर्च्या पडल्या. चादरीवाला आमच्या घरमालकाला मिठी मारत होता. कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यावर जगभरच्या लोकांचे शब्द इतक्या भराभर वर सरकत होते की एकही वाचता येईना. पुढं 'धोटा' किती देशांत गेला, आज त्या दोन खोल्यांच्या जागी अख्खा मजला कसा आमचा झाला, त्या सगळ्याची सुरुवात त्या क्षणाला झाली.

पण कानात निवेदक विचारत होता. "अप्रतिम! या बाई कोण आहेत? आम्हाला सांगा ना, या कोण?"

एक वाक्य पुरेसं होतं. ते बोलले असते तर तिकडं तो पोरगा रडला असता, जग रडलं असतं, दुसऱ्या दिवशी सगळीकडं तेच झालं असतं. आणि ते खरंच होतं. मी अम्माकडं वळले. "विचारतायत, तुम्ही कोण."

अम्मानं कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"अंबूबाई गड्डम म्हणून सांग. मला येतं म्हणून खेळायला बसले, एवढं सांग." मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाकीचं आपल्या घरातलं आहे."

मी तेवढंच सांगितलं. निवेदकानं नाव दोनदा म्हणून बघितलं, तिला वाकून नमस्कार केला आणि सोहळा पुढं गेला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. मुनीर कानावरचे हेडफोन काढून टेबलावर डोकं टेकून हमसून रडायला लागला. अम्मानं त्याच्या पाठीवर एक थाप दिली आणि उठली.

बाया तोवर स्टेजवर चढल्या होत्या. काय बघितलं ते त्यांतल्या निम्म्या जणींना कळलं नव्हतं. सगळ्यात पुढच्या म्हातारीनं अम्माचा दंड धरला.

"अंबू, शेवटी काय झालं गं? जिंकलीस का हरलीस?"

"जिंकले की!" अम्मा म्हणाली, आणि हात वर केला. कंट्रोलर अजून तिच्या मुठीतच होता, आणि संगणकातून निसटून आलेली त्याची वायर तिच्या खांद्यावरून खाली लोंबत होती.